लापशीचा सीन

"रडा, पण आवाज न करता," प्रधानसाहेब म्हणाले.

आम्ही सोळाजणी देवळापुढच्या पारावर बसलो होतो आणि समोर कॅमेरा होता. साहेबांचं म्हणणं कुणाच्याच डोक्यात शिरेना. शेवटी हौसाकाकूनं पदर सावरला आणि विचारलं, "आवाज न्हाई केला तर मेलेल्या मानसाला ऐकू कसं जायाचं?"

साहेब गोंधळले. तिशीतला, दाढी राखलेला, हळू बोलणारा माणूस. त्यांनी समजावून सांगितलं की सिनेमात दुःख डोळ्यांत दिसायला हवं, हेल काढून रडलं की बघणाऱ्याला ते खोटं वाटतं. हे ऐकून बायका दुखावल्याच. आमच्या वस्तीत रडण्याची एक रीत होती. गेलेल्याचं नाव घ्यायचं, त्यानं आयुष्यात काय काय केलं ते एकेक सांगायचं, आपला हेल संपत आला की शेजारणीनं तो पुढं उचलायचा. हौसाकाकूचा यात कुणी हात धरत नसे. पाण्यापलीकडच्या गावांतूनसुद्धा तिला बोलावणं यायचं. तिला तोंड मिटून रडायला सांगणं म्हणजे गवयाला नुसती मान हलवायला सांगण्यासारखं होतं.

तरीही आम्ही मुक्यानं रडलो. साहेब इतके खूश झाले की कॅमेरावाल्याला म्हणाले, यांना काही शिकवावं लागत नाही, काय चेहरे आहेत एकेक. आम्ही एकमेकींकडं पाहिलं आणि गप्प बसलो. गप्प बसायची ज्ञानूतात्यांनी सगळ्यांना शपथ घातली होती.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. आमची वस्ती धरणाच्या पाण्यापलीकडं, डोंगराच्या कुशीत होती. घरं अकरा, सगळी सपकाळांची, एकाच भावकीतली. आदल्या साली होळीच्या आधीच्या बाजाराला गेलेली होडी परत येताना वाऱ्यात सापडली आणि पालथी झाली. तीत आमची सात माणसं होती. माझे वडील, आबा, त्यात होते. हौसाकाकूचा नवरा होता आणि तिचा एकुलता एक दगडूही होता. वस्तीवर एकही घर असं उरलं नाही, ज्याला दुखवटा नव्हता.

आणि माझं लग्न ठरलेलं होतं. ते होडी बुडायच्या आधी महिनाभर ठरलं होतं. मुलगा पलीकडच्या गावचा, उत्तम नावाचा, गवंडीकाम करणारा, आणि मला तो त्याच्या सायकलीसकट पसंत होता. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. उत्तमच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं की होळीपर्यंत थांबू, त्यापुढं नाही. त्यांच्या नजरेत घाटाखालची दुसरी एक मुलगी होती, हेही त्यांनी लपवलं नव्हतं.

पण लग्न करायचं तर आधी दुखवटा सुटायला हवा. आमच्याकडं दुखवटा आपला आपण सोडत नाहीत. ज्याच्या घरात त्या साली कुणी गेलेलं नाही आणि ज्यानं आपल्या घरची भाकरी खाल्लेली आहे, अशा माणसानं येऊन पहिला गोड घास भरवायचा असतो. एरवी भावकीतलंच कुणीतरी ते करायचं. यंदा भावकीतलं सगळंच बुडालं होतं. माझा मामा दोन वेळा गुळाची ढेप घेऊन आला आणि दोन्ही वेळा आईनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. कारण दुसरा नियम असा, की ज्याचं जास्त गेलं त्याचं तोंड आधी गोड व्हायचं. आई म्हणायची, हौसाची दोन गेली, तिच्या घरात गोड शिजल्याशिवाय मी कशी खाऊ. हौसाकाकू म्हणायची, माझ्यासाठी थांबू नका, तुमच्या घरात लग्नाची पोर आहे. पण तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं, घास भरवायला येणार कोण? बाकीच्या घरांचं तेच. तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी, असं करता करता नागपंचमी गेली, दिवाळी गेली. अकरा घरांत अकरा महिने साखर फक्त चहात पडत होती. मी आईशी भांडायचे, भांडी आपटायचे, आणि संक्रांतीला तर दिवसभर बोलले नाही. आईवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही.

त्यात माघात हा सिनेमा आला. एका गावात दगडाच्या खाणीत दरड कोसळते, नऊ माणसं जातात आणि मग ते गाव कसं सावरतं, अशी त्याची कथा होती. साहेबांनी देवळात सगळ्यांना बसवून ती सांगितली. नऊचा आकडा ऐकल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे आपल्यापेक्षा दोन जास्त," आणि तात्या मोठ्यानं खोकले. ज्ञानूतात्या म्हणजे आमच्यातले सर्वांत वडील आणि स्वतःच नेमलेले पुढारी. आपल्या वस्तीची कथा कळली तर ही मंडळी अपशकून समजून सामान उचलतील आणि पलीकडच्या वस्तीवर जातील, अशी त्यांना धास्ती होती. पलीकडच्या वस्तीशी त्यांचं तीस वर्षांपासून बांधावरून वाकडं होतं. म्हणून शपथ. गेलेल्यांचे फोटोही त्यांनी भिंतींवरून काढायला लावले. आबांचा फोटो मी तांदळाच्या कणगीत ठेवला.

दुखवट्यात सिनेमात काम करावं की नाही, यावर आधी खल झाला होता. तात्यांनीच निकाल दिला. हसण्याचा किंवा नाचण्याचा सिनेमा असता तर आपण साफ नाही म्हटलं असतं, पण हा रडण्याचा आहे आणि दुखवट्यात रडायला कुठंच बंदी नाही. हे सगळ्यांना पटलं.

पहिल्या दिवशी बायका ठेवणीतली लुगडी नेसून, केसांना तेल लावून हजर झाल्या. कपडेवाल्यानं कपाळाला हात लावला आणि आमच्या पदरांवर चुलीतली राख चोळली. मुंबईहून आलेली नटी विधवेचं काम करत होती. तिच्या डोळ्यांतून सांगितल्याबरोबर पाणी यायचं, पण बायकांना ती मुळीच पसंत पडली नाही. एवढी रडते, पण एकदाही नवऱ्याचं नाव घेत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. हौसाकाकूनं तिला बाजूला घेऊन दोन हेल शिकवलेसुद्धा. ती पोरगी मन लावून शिकली, पण साहेबांनी ते सिनेमात घेतले नाहीत.

साहेब हौसाकाकूच्याच घरी उतरले होते, कारण तिच्याकडं दोन खाटा मोकळ्या होत्या. कंपनीचा आचारी होता, पण यांना तिची नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं आवडलं. आठ दिवस दोन्ही वेळ ते तिच्या चुलीपुढंच जेवले. ती त्यांना सरळ अरेतुरे करायची आणि भाकरी अर्धी टाकली तर बोलायची.

नवव्या दिवशी शेवटचा सीन होता. वर्ष झाल्यावर गाव एका पंगतीला बसतं आणि गोड जेवतं, असा तो सीन. आचाऱ्यानं सकाळपासून गुळाची लापशी शिजवली होती. अकरा महिन्यांनी वस्तीवर तुपागुळाचा वास सुटला आणि आम्ही सगळे पंगतीत बसलो. पत्रावळी पडल्या, लापशी वाढली गेली, कॅमेरा सुरू झाला. साहेब म्हणाले, "जेवा."

कुणीच जेवेना.

साहेबांना वाटलं ऐकू आलं नसेल. ते पुन्हा म्हणाले. सगळ्यांचे हात घासापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. तात्या उभे राहून नम्रपणे म्हणाले की आम्ही खाल्ल्यासारखं करतो, सिनेमात कुठं चव दिसते. दुसऱ्या वेळी तसं केलं. चाळीस माणसांनी हात तोंडाशी नेला, चाळीस माणसांनी तो तसाच भरलेला खाली आणला. कॅमेरावाला हसायला लागला. तिसऱ्या, चौथ्या वेळीही तेच. ऊन उतरायला लागलं होतं. संध्याकाळच्या लाँचनं नटी परत जाणार होती आणि साहेबांचा हळू बोलण्याचा गुण हळूहळू संपत चालला होता.

"आठ दिवस तुम्ही इतकं खरं रडलात," ते म्हणाले, "आणि एक घास खाता येत नाही?"

हौसाकाकू पानावरून न उठता म्हणाली, "रडायचं काय रं, खोटं रडाया लागलं तरी मागनं खरं येतंच. गोडाचं तसं न्हाई. त्ये खोटं खाता येत न्हाई."

साहेब डोकं धरून कॅमेऱ्याच्या पेटीवर बसले. आणि त्यांच्याकडं बघता बघता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. या माणसानं आठ दिवस हौसाकाकूची भाकरी खाल्ली होती. मी पंगतीतून उठले, ते थेट त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, यंदाच्या साली तुमच्या घरात कुनी मेलंय का?"

त्यांनी डोक्यावरचे हात खाली घेतले. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, आजोबा गेले, पण त्याला तीन वर्षं झाली.

"मग चालतंय," मी म्हणाले, आणि तात्यांची शपथ मोडून सगळं सांगून टाकलं. होडी सांगितली, सात माणसं सांगितली, मोकळ्या दोन खाटा कुणाच्या ते सांगितलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. मला वाईट वाटलं, पण माझ्याकडं वेळ नव्हता. होळी अठरा दिवसांवर आली होती.

"मी आठ दिवस यांना रडवलं," ते पुटपुटले. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"त्ये तुमी मनाला लावून घिऊ नका. बायकांस्नी बरं वाटलं रडून," मी म्हणाले. "तुमी आता फकस्त हात धुवा आन् हौसाकाकूला घास भरवा. 'माझ्या हातचं गोड खा, दुखवटा सोडा,' येवढंच म्हनायचं. तुमी भरवलं की मग सगळे खातील, आन् माझं लगीन हुईल."

साहेबांनी कॅमेरावाल्याला कॅमेरा बंद करायला सांगितलं. त्यांनी हात धुतले, चपला काढल्या आणि ते हौसाकाकूच्या पानापुढं उकिडवे बसले. पंगतीतल्या सगळ्यांना काय चाललंय ते कळलं. तात्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. साहेबांनी लापशीचा घास घेतला.

"मावशी, माझ्या हातचं गोड खा," ते म्हणाले. "दुखवटा सोडा."

हौसाकाकूनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडलं नाही. मला वाटलं, झालं, आता ही सगळ्यांदेखत नाही म्हणणार आणि मी तीन वर्षं घरात बसणार. ती म्हणाली, "तुजा क्यामेरा चालू हाय का?"

"नाही मावशी. बंद केलाय."

"मग चालू कर. मी काय दोनदा खानार न्हाई."

कॅमेरावाला धावला. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाल्यावर हौसाकाकूनं तोंड उघडलं आणि घास घेतला. ती सावकाश चावत राहिली. एवढा वेळ चावत राहिली की शेजारच्या बायका पुढं वाकून बघायला लागल्या. मग ती आचाऱ्याकडं वळून म्हणाली, "चिमूटभर मीठ टाकाया पायजे हुतं," आणि त्याच श्वासात तिनं हेल काढला. आधी नवऱ्याचं नाव घेतलं, मग दगडूचं. दगडूनं पहिल्यांदा होडी हाकली तो दिवस सांगितला, त्याला आवडणारं पिठलं सांगितलं, आणि ते पिठलं आठ दिवस कुणाच्या पोटात गेलं तेही सांगितलं. साहेब समोर बसून लहान पोरासारखे रडत होते, आवाज करून. सबंध पंगतीनं हेल उचलला, आणि रडता रडताच माणसं लापशी खायला लागली. तात्यांनी दोनदा मागून घेतली.

हे सगळं सिनेमात आहे. तो तालुक्याच्या गावी आठवडाभर चालला, तेव्हा आम्ही अख्खी वस्ती लाँचमधून बघायला गेलो. शेवटी हौसाकाकू पडद्यावर मिठाचं बोलली तेव्हा थिएटरातली माणसं हसली, आणि तिचा हेल कानावर येताच गप्प झाली. काकू म्हणाली, बघा, आवाजानंच कळतंय की नाही.

त्यानंतर जे झालं ते मात्र सिनेमात नाही, कारण रीळ तिथंच संपलं होतं. काकूशेजारी आमची पानं होती. साहेब डोळे पुसत आमच्यापुढं आले. आई म्हणाली, "आदी हिला द्या. हिलाच घाई हाय."

मी पटकन तोंड उघडलं. घास गोड होता, तूप भरपूर होतं. मी चावायला लागले आणि माझी नजर पानावर गेली. पानावर लापशीची एकच मूद होती.

आबांना गोड आवडत नसे. पंगतीला बसले की आपल्या पानावरचं गोड ते काही न बोलता माझ्या पानावर सारायचे. मला समजायला लागल्यापासून गोडाच्या पंगतीत माझ्या पानावर दोन मुदी असायच्या. वर्षभर वस्तीत गोड शिजलंच नव्हतं. आबा नाहीत हे मला घरात कळलं होतं, शेतात कळलं होतं, पण पानावर कळायचं राहून गेलं होतं. मी डावीकडं वळून पाहिलं. तिथं आबा नव्हते, तात्यांची सून बसली होती. घास घशाखाली उतरेना. वर्षभर लग्न लग्न करून मी आईचं डोकं खाल्लं होतं, आणि आता घास तोंडात आल्यावर मला तो गिळायचा नव्हता, कारण तो गिळला की आबा गेले. मी तोंडावर हात धरून बसले.

आईनं ते पाहिलं. साहेब तिच्यासाठी घास घेऊन थांबले होते. "माज्या हातात द्या," ती म्हणाली. "मला दुसऱ्याच्या हातनं खायाला न्हाई जमत." तिनं घास हातात घेतला, पदर तोंडापुढं ओढला आणि पदराआड हात तोंडाशी नेला. तिचा जबडा हलताना सगळ्यांनी पाहिला. दुखवटा सुटला, असं तात्यांनी जाहीर केलं आणि साहेब पुढच्या पानाकडं सरकले.

मग आईचा हात पदराखालून निघाला आणि माझ्या पानावर आला. तो घास तसाच होता. त्याच्या मागोमाग तिनं आपल्या पानावरची सगळी मूद माझ्या पानावर सारली.

"गीळ आता," ती हळूच म्हणाली. "लगीन हाय न्हवं तुजं?"

मी गिळलं. मग दोन्ही मुदी खाल्ल्या, रडत खाल्ल्या. होळीच्या पाच दिवस आधी माझं लग्न झालं. लग्नाच्या पंगतीत आई माझ्या डावीकडं बसली आणि तिच्या पानावरचे बुंदीचे लाडू माझ्या पानावर आले. बारशांना आले, दिवाळीत आले, माझ्या नातीच्या पहिल्या वाढदिवसालाही आले. आई त्यानंतर सव्वीस वर्षं जगली. गजराबाईला गोड आवडत नाही, असं सगळे आईबद्दल म्हणायचे, आणि मीही तसंच सांगायचे.